चुकून आले, ठरवून पाठवले

शिरूर किंवा दौंड तालुक्याच्या स्थानिक पानावर एक बातमी अधूनमधून हमखास येते. एसटीच्या वाहकाने गाडीत राहिलेली दागिन्यांची पिशवी प्रवाशाला परत केली. रिक्षावाल्याने सापडलेले पाकीट पोलीस ठाण्यात जमा केले. शाळकरी मुलाने रस्त्यात पडलेला मोबाइल मुख्याध्यापकांकडे नेऊन दिला. सोबत छायाचित्र असते. शाल, श्रीफळ, मध्ये अवघडून उभा सत्कारमूर्ती आणि दोन्ही बाजूंना त्याच्यापेक्षा ऐसपैस उभे राहिलेले सत्कार करणारे. बातमी चार ओळींची असली, तरी तिच्यामागे समाजाची पक्की समजूत असते : सापडलेली वस्तू ज्याची त्याला द्यायची. त्या वाहकाने पिशवी परत करण्याआधी डेपोतल्या वीस जणांना उघडून दाखवली असती, दागिन्यांचे फोटो काढून वाटले असते, तरी त्याला नारळ मिळालाच असता; पण नोकरीतून.

त्याच पानावर दुसऱ्या प्रकारचीही बातमी असते. 'व्हायरल चॅटने तालुक्यात खळबळ.' कोणी तरी कोणाला तरी पाठवलेला खासगी निरोप भलत्याच ग्रुपवर पडलेला असतो. त्याचा स्क्रीनशॉट छापलेला असतो. नावावर काळी पट्टी असते, पण गाव, हुद्दा आणि आडनावाचे पहिले अक्षर इतके व्यवस्थित दिलेले असते की पट्टीचा उपयोग फक्त संपादकाच्या मनाच्या समाधानापुरता. हा निरोपही कोणाला तरी सापडलेलाच होता. त्याचा धनी कोण, हे शोधायला पोलीस ठाण्यात जावे लागत नव्हते. नाव आणि नंबर निरोपाच्या डोक्यावरच होते. तरीही तो धन्याकडे परत गेला नाही. दहा मिनिटांत दहा ग्रुपवर गेला, संध्याकाळपर्यंत पोर्टलवर आणि दुसऱ्या दिवशी पानावर. पैशांच्या बाबतीत आपण जितके प्रामाणिक, तितके शब्दांच्या बाबतीत नाही, एवढाच याचा अर्थ.

निरोपाचा पत्ता चुकणे आपल्याकडे फार सोपे आहे. इथे माणसे फोनमध्ये नावाने कमी आणि नात्याने किंवा धंद्याने जास्त साठवलेली असतात. 'माउली टेम्पो', 'माउली डेअरी', 'माउली मेव्हणे', 'बापू सोसायटी', 'बापू वायरमन', 'दादा घर', 'दादा ऑफिस'. घाईत 'माउ' एवढे टाइप केले की पाच माउली ओळीने उभे. त्यात ग्रुपची भर. गावाचा ग्रुप, भावकीचा, विकास सोसायटीचा, दूध संकलनाचा, बचत गटाचा, शाळेतल्या पालकांचा, कांद्याच्या बाजारभावाचा, थ्री-फेज लाइट कधी येणार याचा, रांजणगाव नाही तर कुरकुंभच्या कंपनीतल्या शिफ्टचा, दौंड–पुणे रोज ये-जा करणाऱ्यांचा. शिवाय निवडणुकीत उगवलेले आणि निकालानंतर कोणीच बंद न केलेले चार-पाच. पूर्वी जागा बदलली की माणसाचे बोलणे बदलायचे. ओट्यावरचे वेगळे, सोसायटीच्या सभेतले वेगळे, माजघरातले वेगळे. आता या साऱ्या जागा एकाच पडद्यावर एकाखाली एक आहेत आणि दोहोंमध्ये अंगठ्याएवढेही अंतर नाही.

मग मुलीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मावशीऐवजी बचत गटात जातो. सासूविषयीची तक्रार बहिणीऐवजी भावकीच्या ग्रुपवर पडते, आणि सासू त्या ग्रुपात असते. 'हप्ता थकलाय, थोडे दिवस सांभाळून घ्या' हे सावकाराला लिहिलेले वाक्य पालकांच्या ग्रुपवर उमटते. पुढची दोन मिनिटे कशी जातात, हे पाहण्यासारखे असते. पाठवणाऱ्याच्या लक्षात येते तोवर चार-सहा जणांनी वाचलेले असते. तो घाईघाईने निरोपावर बोट दाबून धरतो, पर्याय उघडतात, आणि घामेजलेला अंगठा 'डिलीट फॉर एव्हरीवन'ऐवजी 'डिलीट फॉर मी'वर पडतो. निरोप त्याच्या एकट्याच्या फोनमधून जातो, बाकी सगळ्यांकडे शाबूत राहतो. ही फजिती इतक्या जणांची झाली, की डिसेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपला 'अनडू'ची सोय द्यावी लागली. तीही काही सेकंदांचीच. सर्वांकडून निरोप काढून घेण्याची सोय २०१७ मध्ये आली तेव्हा तिची मुदत सात मिनिटे होती. ऑगस्ट २०२२ पासून ती दोन दिवसांहून अधिक आहे.

पण मुदत वाढवून काय होणार? निरोप काढला की त्या जागी तो काढल्याची ओळ शिल्लक राहते, आणि निरोपापेक्षा त्या ओळीचेच कुतूहल जास्त. 'काय होतं रे?' 'कोणी काढलाय का स्क्रीनशॉट?' कोणी तरी काढलेलाच असतो. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या निरोपावर 'फॉरवर्डेड' असा शिक्का आणला. स्क्रीनशॉट या दोन्हींतून सहीसलामत सुटतो. तो नव्याने काढलेला फोटो असतो, म्हणून पहिल्यांदा पाठवताना त्यावर शिक्का नाही. मूळ निरोप पाठवणाऱ्याने काढून घेतला, तरी फोटोला धक्का लागत नाही. शिवाय फोटो कापता येतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यामागे 'ध'चा 'मा' केल्याची कथा पुणे मुलखात पोराटोरांना ठाऊक आहे. ती इतिहास की दंतकथा, हा वाद अभ्यासकांचा. आज तेवढी अक्षराची खाडाखोडही करावी लागत नाही. वरच्या दोन ओळी कापल्या की गंमत धमकी होते आणि उत्तर आरोप होते.

सापडलेल्या वस्तूचे काय करायचे, हे आपल्या कायद्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम ४०३ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतले कलम ३१४ याबाबत एकच सांगतात. सापडलेली वस्तू सांभाळण्यासाठी किंवा धन्याला परत देण्यासाठी उचलली, तर तो गुन्हा नाही. धनी माहीत असताना किंवा सहज शोधता येत असताना ती आपल्या कामाला लावली, तर गुन्हा. पत्राच्या बाबतीत कायदा याहून बारकाईने विचार करत होता. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम ३८ नुसार, ज्या पत्राचा पत्ताच लागत नाही ते उघडायची मुभा होती. पण ती सरकारने नेमलेल्या आणि गुप्ततेने बांधलेल्या व्यक्तीलाच, आणि तीही पाठवणाऱ्याचे नाव-गाव शोधण्यासाठी. पत्ता मिळेपर्यंतच वाचायचे, मिळाला की पाकीट बंद करून परत धाडायचे. टपाल खात्याचे 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' याच कामासाठी. दुसऱ्याच्या पत्रात आपली नजर किती खोल जावी, याचे इतके नेमके माप क्वचितच कोणी घालून दिले असेल. तो कायदा आता इतिहासजमा झाला. १८ जून २०२४ पासून त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आहे. पण कलम गेले म्हणून त्यातले शहाणपण शिळे झालेले नाही.

जुन्या काळचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पोस्टकार्ड उघडेच असायचे आणि गावात ते धन्याच्या आधी दोघा-तिघांनी वाचलेले असायचे. कोपरा फाडलेले कार्ड पाहिले, की मृत्यूची बातमी आहे हे पोस्टमनपासून पारावरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळायचे. ज्यांना वाचता येत नसे, त्यांची पत्रे दुसराच वाचून दाखवी आणि त्या घरातले सगळे त्याला माहीत असे. चोंबडेपणा तेव्हाही होता. फरक एवढाच, की पत्र वाचणाऱ्याला त्याच्या शंभर नकला काढून शंभर गावांना पाठवता येत नव्हत्या. आणि 'दुसऱ्याचे पत्र वाचू नये' हे घराघरांत सांगितले जायचे. मोडणाऱ्यालाही आपण काही तरी मोडतो आहोत, हे माहीत असायचे. आज मोबाइल हाती देताना आपण मुलांना पासवर्ड कसा ठेवायचा, हे शिकवतो. चुकून आलेल्या निरोपाचे काय करायचे, हे कोणी शिकवत नाही.

कायदा इथे फारसा उपयोगी पडत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पण मूलभूत हक्काची ढाल प्रामुख्याने सरकारपासून वाचवते, शेजाऱ्यापासून नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती वा वैयक्तिक कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. ग्रुपचा ॲडमिन सदस्याच्या पोस्टला आपोआप जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले, आणि ते न्याय्यच होते. दंगा कोण घालतो आणि शिक्षा कोणाला, असे व्हायला नको. मात्र एका गोष्टीत कायदा कच खात नाही. निरोपात कोणाचे नग्न किंवा खासगी छायाचित्र असेल, तर ते पुढे पाठवणारा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हेगार ठरू शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 'मला आलं, मी फक्त पुढे पाठवलं' हा बचाव तिथे चालत नाही. बदनामीचे कलम आहेच, पण तारखा घेण्याइतकी उसंत आणि पैसा ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी. उरतात त्या रीतीभाती. आणि सध्या त्यांचाच दुष्काळ आहे.

या दुष्काळाची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. पुढाऱ्याचा निरोप फुटला तर तो पत्रकार परिषद घेतो, 'माझा फोन हॅक झाला' म्हणतो, आठ दिवसांत लोक विसरतात. निरोप कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा असेल, तर तिचा फोन काढून घेतला जातो, कॉलेजची एसटी बंद होते आणि घाईघाईने स्थळे पाहायला सुरुवात होते. स्क्रीनशॉट काढणारा मात्र चहाच्या टपरीवर असतो, नेहमीसारखा. 'तिनेच जपून पाठवायला हवं होतं' हे त्याचे म्हणणे, आणि आजूबाजूचे मान डोलावतात. दागिन्यांची पिशवी गाडीत विसरलेल्या बाईला मात्र 'तुम्हीच सांभाळायला हवी होती, आता पिशवी आमची' असे कोणी म्हणत नाही. एकाची चूक ही दुसऱ्याची कमाई ठरत नाही, हे पैशांना लागू असेल तर अब्रूलाही लागू हवे.

काही वेळा निरोप खासगी नसतो, योग्य माणसाकडूनच आलेला असतो, फक्त त्याची जागा सुटलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यात दोन मुले होती. लोकांनी रास्ता रोको केला, वन खात्याची गाडी जाळली. त्या दिवसांत 'अमक्या मळ्यात बिबट्या दिसला, पोरांना बाहेर सोडू नका' हा निरोप त्या वाडीसाठी जीव वाचवणारा होता. तोच निरोप वाडीचे नाव आणि वार गळून दौंडच्या ग्रुपवर आला की ती अफवा होते. पुढे तर यंत्राने बनवलेली बिबट्यांची चित्रेही फिरली आणि खरी सूचना कोणती, हे ओळखणे अवघड झाले. दोनदा खोटे निघाले की तिसऱ्यांदा खऱ्या सूचनेलाही लोक हसतात, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत ते हसणे महागात पडू शकते.

पत्ता सुटलेल्या निरोपाची याहून भयंकर किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना ठार मारले. मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असा निरोप मोबाइलवर फिरत होता. तो कुठला, कधीचा, कोणी कोणाला पाठवला, हे विचारायला जमावाला सवड नव्हती. दौंड तालुक्यालाही अनुभव नवा नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, जमावबंदी लावावी लागली. पोस्ट टाकणाऱ्यावर कारवाई करायला पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर होते. तरी शिक्षा भोगली ती ज्यांचा त्या पोस्टशी काही संबंध नव्हता अशा दुकानांनी आणि घरांनी.

आता प्रसारमाध्यमे. चुकून हाती आलेल्या निरोपाचे पत्रकाराने काय करावे, याचा अलीकडचा धडा अमेरिकेत मिळाला. मार्च २०२५ मध्ये 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना सिग्नल या ॲपवरच्या एका ग्रुपात घेतले गेले. घेणारे खाते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांचे. ग्रुपात उपराष्ट्राध्यक्ष आणि संरक्षणमंत्री. विषय येमेनवरच्या हल्ल्याचा. गोल्डबर्ग यांना आधी वाटले, आपल्याला कोणी तरी गंडवते आहे. १५ मार्चला सांगितल्या वेळी खरोखरच बॉम्ब पडले, तेव्हा खात्री पटली. ते स्वतःहून ग्रुपमधून बाहेर पडले. २४ मार्चला त्यांनी बातमी दिली, पण हल्ल्याचा तपशील राखून. सरकारने 'त्यात गुपित काही नव्हतेच' असे म्हणत उलट त्यांनाच खोटे पाडायला सुरुवात केली, तेव्हा २६ मार्चला, संबंधित खात्यांना आधी विचारून, त्यांनी निरोप छापले. गुप्तचर संस्थेच्या एका व्यक्तीचे नाव तेव्हाही झाकले. खात्री केली, सावरायला वेळ दिला, लोकहिताचे तेवढे दिले, माणसाचा जीव धोक्यात येईल ते ठेवले. आणि दोष कोणी कोणावर ढकलला, हेही पाहण्यासारखे. चुकीच्या माणसाला ग्रुपात घेणारे राहिले बाजूला, शिव्या खाल्ल्या त्या ज्याला घेतले त्याने.

आपल्याकडचे उदाहरण याच्या उलटे आहे, आणि ते मुंबईत घडलेले आहे. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात रिया चक्रवर्ती आणि इतरांचे व्हॉट्सॲपवरचे खासगी बोलणे वाहिन्यांनी दिवसचे दिवस पडद्यावर मोठ्या अक्षरांत लावले. ते तपासासाठी हाती लागले होते. पोचले मात्र घरोघरच्या दिवाणखान्यात. एकेका शब्दाचा कीस पाडला गेला, निकाल संध्याकाळच्या चर्चेतच लागला. रिया जवळपास महिनाभर तुरुंगात होती. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांच्या अशा खटलेबाजीवर कठोर ताशेरे ओढले. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दाखल केला. त्या अहवालाला किती वाहिन्यांनी किती वेळ दिला, हे वाचकांनी आठवून पाहावे.

दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांचे हे वळण तालुक्याच्या पोर्टलांनी आणि यूट्यूब वाहिन्यांनी उचलले, यात नवल नाही. तालुक्याचा वार्ताहर मानधनावर जगत नाही, जाहिरातीच्या टक्क्यांवर जगतो. पोर्टलवाल्याचे पोट किती जणांनी पाहिले, यावर. पाणीपट्टीची बातमी कोणी पाहत नाही, 'चॅट' सगळे पाहतात. हे समजून घेता येते. माफ करता येत नाही. सगळ्यात लबाड वाक्य असते ते बातमीच्या शेवटी : 'या व्हायरल संदेशाची पुष्टी आम्ही करत नाही.' पुष्टी करायची नाही, तर छापायचे कशाला? पुष्टी करणे हेच तर वार्ताहराचे काम. कापड मोजून न देणाऱ्या दुकानदाराने 'मापाची जबाबदारी आमची नाही' अशी पाटी लावली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. वाचक मात्र जात नाही. म्हणून पाटी टिकते.

आणि पुष्टी म्हणजे केवळ 'हा नंबर त्याचाच आहे' एवढे नव्हे. दौंड ज्या मतदारसंघात येते, त्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांना ११ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीरपणे सांगावे लागले, की आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाले आहे, कृपया फोन वा मेसेज करू नका. प्रकरण पोलिसांकडे गेले. खासदाराच्या खात्यावर दुसरा कोणी बसू शकतो, तर ग्रामपंचायत सदस्याच्या खात्यावर का नाही? निरोप त्याच्या नंबरवरून आला म्हणजे त्यानेच पाठवला, हे गृहीत धरून बातमी करणाऱ्याने निदान एक फोन त्याला करावा. तेवढाही होत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चुकून फुटलेल्या निरोपातून एखाद्या घरकुलाच्या यादीत कोणी किती टक्के मागितले, हे उघड होत असेल तर? तेही 'खासगी' म्हणून गाडून टाकायचे? मुळीच नाही. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक पद आणि लोकांचा जीव यांच्याशी ज्याचा संबंध आहे, ते खासगी राहत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डू गावातल्या मुरूम उपशावरून तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार आणि पोलीस अधिकारी अंजना कृष्णा यांच्यातले फोनवरचे बोलणे फिरले. बोलणे एका कार्यकर्त्याच्या फोनवरून झालेले. ते लोकांसमोर आले, यात गैर काही नव्हते. बेकायदा उपशावर चाललेली कारवाई थांबवायला सांगितले जाणे, हा लोकांचाच विषय होता. गैर झाले ते पुढे. मुरूम बाजूला राहिला आणि अधिकाऱ्याची कागदपत्रे तपासा अशी मागणी एका आमदाराने केली. मग ती मागे घेऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली. निरोप सार्वजनिक महत्त्वाचा असला, तरी त्यातला कोणता भाग सार्वजनिक, याचे भान सुटले की तेच होते. टक्केवारी मागणाऱ्याचा निरोप छापावा, त्याच निरोपात खाली आलेला त्याच्या बायकोचा आजार छापू नये.

म्हणून नियम अवघड नाही. निरोप चुकून आला तर ज्याचा त्याला 'हे तुमच्याकडून चुकून आलंय, मी काढून टाकलं' एवढे कळवावे, आणि खरोखरच काढून टाकावे. ग्रुपवर पडला असेल तर ॲडमिनला तो सर्वांसाठी काढून टाकता येतो, ही सोय ऑगस्ट २०२२ पासून आहे. तिने तोंडाला कुलूप लागत नसले, तरी पडद्याला लागते. घरचे भांडण, दुखणे, कर्ज, प्रेमप्रकरण हे कोणाच्याही निरोपात असो, ते पुढे पाठवायचे नाही, हसण्यासाठीही नाही. लोकांच्या पैशाची चोरी दिसली तर ती गटविकास अधिकाऱ्याकडे, पोलिसांकडे किंवा खातरजमा करणाऱ्या वार्ताहराकडे न्यावी. ग्रुपवर टाकून आरोपीला सावध करणे म्हणजे शौर्य नव्हे. बिबट्याची, पुराची, चोरांची सूचना असेल तर गाव, वार, वेळ आणि कळवणाऱ्याचे नाव असल्याशिवाय ती पुढे ढकलू नये.

वाचकांकडून एवढे मागताना माध्यमांनाही सवलत देऊन चालणार नाही. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या पत्रकारांनी, पोर्टलवाल्यांसकट, एकत्र बसून एवढेच ठरवावे : ज्याचा निरोप त्याला विचारल्याशिवाय तो छापायचा नाही, खासगी निरोप विचारूनही छापायचा नाही, आणि 'पुष्टी करत नाही' हे वाक्य कायमचे काढून टाकायचे. याला कायदा लागत नाही, निधी लागत नाही, मंत्र्याची तारीखही लागत नाही. एक बैठक पुरे.